टॉकीजची बायकांकडची बाजू

वाचनालयाने स्मरणिका काढायची ठरवली, आणि आळीतल्या जुन्या टॉकीजवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी रत्नागिरीत आणि आसपासच्या शाळांत आयुष्यभर भूगोल शिकवला. इतिहास शिकवणारे सर निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेले, म्हणून समितीने मला विचारलं.

"दोन पानं पुरेत, बाई," चिटणीस म्हणाले. "पण पहिला सिनेमा कुठला लागला, ते हवंच."

मी आळीतल्या तीन वृद्ध गृहस्थांना भेटले. तिघांनी तीन नावं सांगितली. त्यातले एक म्हणाले की पहिल्या खेळाला ते स्वतः हजर होते, पहिल्या बाकावर. मी घरी येऊन त्यांच्या वयाचा हिशेब केला. टॉकीज सुरू झाली तेव्हा त्यांचा जन्म व्हायला दोन-तीन वर्षं बाकी होती. मालकांचे नातू पुण्यात असतात. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "आजोबांना कलेची फार ओढ होती." पुढचं त्यांना काही माहीत नव्हतं, पण हे एवढं छापा म्हणाले.

तेव्हा मी भाट्याला आत्याकडे गेले. खरं म्हणजे तिथेच आधी जायला हवं होतं. माझी आत्या त्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूची डोअरकीपर होती. आता ती नव्वदीला टेकली आहे आणि माझ्या चुलतभावाकडे, नारळ संशोधन केंद्राच्या पलीकडे राहते. कानांनी ठीक आहे, गुडघ्यांनी नाही.

"कसला इतिहास गो?" ती म्हणाली. "वखार होती. मग टॉकीज झाली. मग पाडली."

एवढं सांगून ती तांदूळ निवडायला लागली. मी वही उघडून बसून राहिले. शाळेतल्या सवयीमुळे मला शांत बसता येतं. अर्ध्या तासाने ती पुन्हा बोलायला लागली, आणि त्यानंतर मी चार रविवार भाट्याला जात होते.

वखार कौलांची होती. मंगळुराहून गलबतांनी कौलं यायची, ती तिथे उतरायची आणि मग गावोगाव जायची. युद्धाच्या दिवसांत कौलं यायची थांबली आणि वखार रिकामी पडली. मालक सहा महिने रिकाम्या वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसत. मग मुंबईला जाऊन एक जुनं मशीन घेऊन आले. आत्याच्या मते कलेची ओढ ती एवढीच. वखारीवर पत्रा होता. कौलं विकणाऱ्या माणसाने स्वतःच्या वखारीवर पत्रा का घातला, असं मी विचारलं, तर आत्या म्हणाली, "विकायची वस्तू स्वतः कोण वापरतो?"

त्या पत्र्यामुळे पावसाळ्यात सिनेमा नुसता दिसायचा, ऐकू यायचा नाही. शेवटी मालकांनी पत्र्यावर माडाच्या विणलेल्या झापांचे दोन थर टाकून घेतले. त्याने आवाज थोडा कमी झाला आणि उंदीर वाढले. पडदा शिडाच्या कापडाचा होता. पूर्णगडहून शिडं शिवणारे दोघे जण आले, त्यांनी तो वखारीतच बसून शिवला आणि वर चुन्याचा हात दिला. शिवण बरोबर मधोमध आली होती. पडद्याच्या मध्ये कोणीही उभं राहिलं की त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ दिसे. आमच्या आळीत बरीच वर्षं लोकांची समजूत होती की नट लोकांना तशी रेघ असतेच.

मात्र बायका येत नसत. टॉकीज सुरू होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी बायकांसाठी म्हणून ठेवलेली डावीकडची बाकं रिकामीच असायची. बाकं होती, मध्ये पडदा सोडलेला होता, पण दारावर पुरुष उभा. त्याच्या हातात तिकीट द्यायचं आणि त्याच्या बॅटरीच्या उजेडात जागा शोधायची, हे कोणाच्या घरात चालणारं नव्हतं. मालकांनी दारावर बाई ठेवायचं ठरवलं. पण असं काम करायला कोणती बाई तयार होणार?

माझी आत्या तयार झाली. तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. लग्नानंतर दोन वर्षं तो शिमग्याला आणि गणपतीला आला, मग नुसता गणपतीला, मग आलाच नाही. त्याने तिकडे दुसरं घर केलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सासरी काही महिने वाट पाहून आत्या आमच्या घरी, म्हणजे तिच्या भावाकडे, परत आली. तिने टॉकीजचं काम धरलं तेव्हा माझे वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ते बोलले, कारण घरात विहिरीचा रहाट तिलाच दुरुस्त करता येत असे.

आत्याने कामावर गेल्या गेल्या एक गोष्ट केली. बायकांसाठी पुढच्या रस्त्याऐवजी मागच्या अंगाला, विहिरीकडे दार पाडून घेतलं. रस्त्यावरच्या कोणाला कोण आलं, कोण गेलं ते दिसेना. मग आळीतल्या बायका येऊ लागल्या. आधी सुना आल्या, मग सुना काय बघतात ते बघायला सासवा आल्या.

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायका मात्र तरीही येईनात. तिथले पुरुष बोटीवर, नाहीतर अरबस्तानात. बायका घरांत. त्यांच्यात एक वयस्कर बाई होत्या, त्यांना सगळे खाला म्हणत. त्यांचा शब्द मोहल्ल्यात चालायचा. आत्या एका दुपारी तरीत बसून पलीकडे गेली आणि खालांच्या ओटीवर जाऊन बसली.

"तुम्हाला काय पायजे ते सांगा," आत्या म्हणाली.

खालांनी विचार करून सांगितलं, "आत एकपण मरद नको. मधला पडदा आमाला नको. एक पडदा पुरे, सिनेमाचा."

त्यातून बुधवारचा बायकांचा खेळ सुरू झाला. दुपारी तीनला. मधला पडदा गुंडाळून ठेवायचा आणि सगळ्या बाकांवर बायका. आत पुरुष दोनच: वर केबिनमध्ये ऑपरेटर आणि त्याच्या बाजूला मॅनेजर. दोघांनीही खेळ संपून शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत खाली उतरायचं नाही, असं आत्याने त्यांना बजावलेलं होतं. मॅनेजर डब्यात लिंबूसरबत घेऊन वर जाऊन बसत.

पलीकडच्या बायका होडीने येत. भरतीला यायचं आणि ओहोटीच्या आधी परतायचं, नाहीतर होडी चिखलात बसायची. त्यामुळे बुधवारच्या खेळाची वेळ आत्या भरतीचं गणित बघून थोडी पुढेमागे करायची. भूगोल शिकवताना मी भरती-ओहोटीचं कोष्टक फळ्यावर काढायचे, तेव्हा मला हे आठवायचं. मुलांना सांगितलं नाही कधी.

आता ज्या बुधवारबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी मी स्वतः तिथे होते. तेव्हा मी आठेक वर्षांची होते. आत्याबरोबर मी दर बुधवारी जायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसायचे. सिनेमाचं नाव मला आठवत नाही, आणि आठवत असतं तरी उपयोग नव्हता, कारण तो आम्ही पाहिला तसा दुसरीकडे कुठेही लागला नाही.

सिनेमाची रिळं पत्र्याच्या पेट्यांतून एसटीने येत. त्या दिवशी तीन पेट्यांपैकी दोनच आल्या. तिसरी कोणीतरी चुकून संगमेश्वरला उतरवून घेतली होती. ती पुढच्या गाडीने येईल, असं स्टँडवरून कळलं, म्हणून मॅनेजरनी खेळ सुरू केला. पुढची गाडी आली, पेटी आली नाही. दोन रिळं शिल्लक असताना पडदा पांढरा झाला आणि दिवे लागले.

सिनेमातली गोष्ट साधी होती. एका बाईचा नवरा शहरात जातो आणि तिकडे दुसरा संसार मांडतो. ही इकडे त्याच्या म्हाताऱ्या बापाला सांभाळते, शेत कसते, झिजते. दोन-तीन गाणी होतात. शेवटी नवरा पस्तावून परत येतो, दारावर थाप मारतो, ही दार उघडते, दोघं एकमेकांकडे बघतात. तिथेच दिवे लागले.

मॅनेजरनी वरून आत्याला खुणेने बोलावलं. जिन्यात उभं राहून ते म्हणाले, "बायकांना सांगा, उद्या याच तिकिटावर येऊन राहिलेला भाग बघा."

आत्या खाली येऊन पडद्यासमोर उभी राहिली आणि तिने ते सांगितलं. आळीतल्या बायका कुरकुरत उठायला लागल्या. खाला उठल्या नाहीत. त्यांच्यामागच्या तीन बाकांवरच्या बायकाही उठल्या नाहीत.

"आमी होडीनं आलोय, बाय," खाला म्हणाल्या. "उद्या आमाला कोण सोडणार? तू हितंच असतेस. तुला ठावं असेल पुढं काय होतं. तूच सांग."

आत्याने तो सिनेमा पाहिलेला नव्हता. तो त्याच दिवशी लागला होता आणि हाच पहिला खेळ होता. हे मला माहीत होतं, मॅनेजरना माहीत होतं आणि आत्याला अर्थातच माहीत होतं.

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "बसा."

उठलेल्या बायका परत बसल्या. आत्याने हातातली बॅटरी बाकावर ठेवली आणि पदर खोचला.

"ती दारात उभी आहे," ती म्हणाली. "तो म्हणतो, मी घरी आलो. ती म्हणते, काय काम होतं? तो म्हणतो, हे माझं घर आहे. तेव्हा आतून सासरा म्हणतो, कोण आहे गो? ती सांगते, कोणी नाही, वाट चुकलेला आहे."

"सासऱ्याला आवाज ओळखू येत नाही?" मागून कोणीतरी विचारलं.

"येतो. तोही गप्प बसतो."

सगळ्या बायका पुढे सरकून बसल्या.

"मग ती त्याला तांब्याभर पाणी देते. दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं. तो पाणी पितो. ती तांब्या घेते आणि दार लावते."

"रडते?"

"नाही. भात लावायचा असतो. सासऱ्याला भूक लागलेली आहे."

"आणि तो? तो रडतो की नाही?"

"तो स्टँडवर जातो. शेवटची गाडी सुटलेली असते. तो बाकावर बसून राहतो."

"आणि पुढं?"

इथे आत्या थांबली. मला वाटलं, आता हिला काही सुचत नाही. पण तिने फक्त सुटलेला पदर पुन्हा खोचला.

"पुढं ती म्हैस घेते."

म्हैस कशी होती, कुठल्या बाजारात घेतली, किती दूध देत होती, हे बायकांनी विचारलं आणि आत्याने सांगितलं. म्हशीला रेडी झाली. दूध तालुक्याला जाऊ लागलं. सासरा वयाने सुखात गेला. बाईने घरावर कौलं घातली. "गाणं नाय एकपण?" खालांनी विचारलं. आत्या म्हणाली, "आहे एक, शेतात. पण मला गाता येत नाही." यावर कोणाची तक्रार नव्हती. शेवटी नवरा पुन्हा येतो का, असं एका नव्या सुनेने विचारलं. आत्या म्हणाली, "येतो. लांबून कौलं बघतो आणि जातो." मग तिने बॅटरी उचलली आणि दार उघडलं.

खाला बाहेर पडताना तिच्यापाशी थांबल्या. "चांगला हाय सिनेमा," त्या म्हणाल्या आणि ओहोटी लागायच्या आत होडीकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. आळीतल्या पंधरा-वीस बायका राहिलेला भाग बघायला गेल्या. त्यात ती बाई नवऱ्याच्या पाया पडली, त्याने तिला उठवलं, म्हाताऱ्याने आशीर्वाद दिला आणि सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. बायका मॅनेजरकडे गेल्या आणि म्हणाल्या, "शेवट चुकीचा लावलाय."

मॅनेजरनी आत्याला बोलावलं. "तुम्ही काल काय सांगितलंत यांना?"

"शेवट."

"कुठला?"

"काल होता तो."

मॅनेजर शांत स्वभावाचे होते. त्यांनी ती पेटी पुन्हा एकदा तपासली आणि विषय सोडून दिला.

पलीकडच्या बायकांनी खरा शेवट कधीच पाहिला नाही. पुढे पंचवीस-तीस वर्षांनी मी पूर्णगडच्या बाजूला एका शाळेत होते. तिथे डबा खाताना एका शिपाईबाईने मला तिच्या आईने पाहिलेल्या एका सिनेमाची गोष्ट सांगितली. त्यात शेवटी म्हैस होती. तिची आई खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली होती. "फार जुना सिनेमा, बाई," ती म्हणाली. "आता असे निघत नाहीत." मी म्हटलं, खरं आहे.

मी चौदा वर्षांची असताना आत्याचा नवरा परत आला. तो बुधवारच होता. दुपारी अडीचच्या सुमारास एक वाळलेला माणूस पिशवी घेऊन आमच्या अंगणात उभा राहिला. आईने त्याला ओळखलं, मी नाही. त्याच्या छातीचं दुखणं, क्षय, निघालं होतं, म्हणून गिरणीने त्याला घरी पाठवलं होतं. तिकडच्या घरानेही नंतर तेच केलं. आईने त्याला पडवीत बसवलं, पाणी दिलं, मग जेवायला वाढलं. तो खोकत खोकत जेवला.

आत्या तेव्हा टॉकीजवर होती. तिला सांगायला कोणालाच पाठवलं नाही, तरी मध्यंतरापर्यंत बातमी तिथे पोचली. त्या दिवशी मी घरी होते, पण नंतर बऱ्याच जणींनी मला सांगितलं की उरलेला अर्धा सिनेमा कोणीच पाहिला नाही. सगळ्या जणी दाराकडे बघत होत्या. आत्या तिथे स्टुलावर बसून नेहमीसारखी पडद्याकडे बघत होती.

खेळ संपला. आत्याने बाकं तपासली, दाराला कडी घातली, कुलूप लावलं आणि घराकडे निघाली. तिच्या मागून आळीतल्या वीसेक बायका चालू लागल्या. त्यातल्या निम्म्या उलट दिशेला राहायच्या. एकीने सांगितलं की तिला आमच्याकडून कढीलिंब न्यायचा आहे. बाकीच्यांनी काहीच सांगितलं नाही.

त्या सगळ्या आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभ्या राहिल्या. आत्या अंगणात आली. तो पडवीतून उठला.

"कधी आलात?" आत्याने विचारलं.

"दुपारी."

"जेवलात?"

"हो. वहिनींनी वाढलं."

"बरं नाही काय?"

"छातीचं आहे."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मी आईच्या मागे उभी होते. गडग्यापलीकडे एक मूल रडायला लागलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. मग आत्या वळली आणि बायकांना म्हणाली, "घरी जा. चुली पेटवायच्या नाहीत काय तुम्हाला?"

त्या गेल्या. पण हळूहळू गेल्या.

वडिलांनी नारळ साठवायची खोली रिकामी करून दिली. तो तिथे राहिला. आत्या त्याला आठवड्यातून दोनदा सिव्हिल हॉस्पिटलात इंजेक्शनांना न्यायची, त्याची भांडी वेगळी घासायची, त्याचं अंथरूण उन्हात टाकायची. दोघांचं बोलणं कामापुरतं. ती त्याच्यावर ओरडली असं मी कधी ऐकलं नाही, आणि त्याच्याशी हसून बोलली असंही नाही.

आळीतल्या बायकांचं मात्र बिनसलं. कित्येक जणी दारात तिकीट देताना तिच्याकडे बघत नसत. शेवटी एका शेजारणीने विहिरीवर तिला तोंडावर म्हटलं, "तू आम्हाला तेव्हा वेगळं सांगितलं होतंस."

"तो सिनेमा होता," आत्या म्हणाली आणि कळशी उचलली.

खाला तेवढ्या वेगळ्या निघाल्या. एका बुधवारी त्यांनी सुक्या माशांची पुरचुंडी आणून आत्याच्या हातात ठेवली. "आजारी माणसाला सार करून दे," म्हणाल्या. बाकी काही विचारलं नाही.

एकदा त्याने सिनेमा बघायची इच्छा सांगितली. आत्या त्याला शनिवारच्या संध्याकाळच्या खेळाला घेऊन गेली. त्या खेळाला मधला पडदा सोडलेला असे. तिने त्याला पुरुषांच्या बाजूला कडेच्या बाकावर बसवलं आणि स्वतः आपल्या दारावर गेली. मध्यंतरात ती त्याला चहा देऊन आली. परतताना मी त्यांच्याबरोबर होते. अर्धी वाट संपली. मग तो म्हणाला, "पडद्याला मधोमध शिवण आहे."

"आहे," आत्या म्हणाली.

त्याने ती शिवण कोणी घातली, कापड कुठलं, असं विचारलं. आत्याने त्याला पूर्णगडच्या माणसांपासून सगळं सांगितलं. घर येईपर्यंत ती सांगत होती. मला आठवतं त्याप्रमाणे त्या दोघांचं सलग एवढं बोलणं तेवढंच.

दीडेक वर्षाने तो गेला. आत्याने तेरा दिवस केलं आणि चौदाव्या दिवशी कामावर गेली. तो बुधवार होता की नाही, मला सांगता येणार नाही.

गेल्या रविवारी मी तिला भाट्याच्या ओटीवर विचारलं, "आत्या, तुला त्याचा राग नव्हता?"

"होता की."

"मग गेला कधी?"

"कोण? तो?"

"राग."

"राग कुठं गेलाय?" ती म्हणाली. "हाय अजून. ते पातेलं सरकव इकडे."

मी पातेलं सरकवलं. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "तो खोकायचा ना, तेव्हा मला झोप लागायची नाय. गेल्यावर पण लागली नाय कितीतरी दिवस." मग तिने भाचेसुनेला हाक मारून विचारलं की कालवणात सुकं कोलिम घातलंस का.

टॉकीजचं पुढचं लवकर सांगून होण्यासारखं आहे. खाडीवर पूल झाला, पलीकडच्या बायका पुलावरून यायला लागल्या आणि भरतीचं गणित संपलं. मग घरोघरी टीव्ही आले, त्याच्यामागून व्हिडिओ आला. अरबस्तानातून येणाऱ्यांनी आधी मोहल्ल्यात आणला, मग आमच्याकडे. बुधवारी दहा बायका, मग सहा. मधला पडदा एका पावसाळ्यात कुजला, तो नवा घातला नाही, कारण आता बायका घरच्यांबरोबर कुठेही बसत होत्या. बायकांच्या बाजूला वेगळी बाई लागेना. आत्याला नारळ आणि साडी देऊन निरोप दिला. साडी पिवळी होती. तिला पिवळा रंग आवडत नाही, पण मालकांचा मुलगा देत होता म्हणून तिने घेतली. टॉकीज त्यानंतर दहाएक वर्षं चालली आणि मग पाडली. आता तिथे तीन मजली इमारत आहे.

मी हे सगळं लिहून काढलं. अकरा पानं झाली. चिटणीसांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, छान आहे. पण यात इतिहास कमी आणि तुमची आत्या जास्त झालीय."

"तिच्याशिवाय मला कोणी काही सांगितलं नाही," मी म्हटलं.

"पहिल्या सिनेमाचं नाव नाही."

"आत्याला आठवत नाही."

त्यांनी तीन वृद्धांनी सांगितलेली तीनही नावं घालायची ठरवली. मालकांच्या कलेच्या ओढीचं वाक्य नातवांनी मेलवर पाठवलं होतं, ते पहिल्या परिच्छेदात आलं. कौलं, झापं आणि शिडाचं कापड राहिलं. "महिलांसाठी स्वतंत्र व्यवस्था हे या चित्रपटगृहाचे वैशिष्ट्य होते," हे वाक्य माझं नाही, पण माझ्या नावावर आहे.

प्रकाशन त्याच तीन मजली इमारतीतल्या वरच्या सभागृहात ठेवलं होतं. मी आत्याला रिक्षाने घेऊन गेले. लिफ्ट बंद होती. दोन माणसांनी खुर्चीत बसवून वर न्यायची तयारी दाखवली. आत्या म्हणाली, "मेल्यावर न्या." तेव्हा तळमजल्यावरच्या मोबाइलच्या दुकानदाराने तिला आपल्या दुकानात बसवून घेतलं. तरुण मुलगा, संगमेश्वरकडचा. मी वर गेले. भाषणं झाली. अध्यक्षांनी टॉकीजचा उल्लेख केला, तोही चुकीच्या गल्लीत.

तासाभराने मी खाली आले तर दुकानदार जागेवर नव्हता. आत्या काउंटरच्या आत त्याच्या खुर्चीत बसली होती. तो वर चहा आणि अल्पोपाहार घ्यायला गेला होता आणि जाताना आत्याला दुकानाकडे बघायला सांगून गेला होता. समोरच्या बाकावर तीन गिऱ्हाइकं ओळीने बसली होती. एकाच्या हातात फुटलेल्या काचेचा फोन होता.

"कधी येणार हा?" त्याने मला विचारलं.

मी आत्याकडे पाहिलं.

"मी त्यांना सांगितलंय, बसा म्हणून," आत्या म्हणाली. "तो आला की कळेल."

तिघांपैकी कोणीही उठलं नाही. मी त्यांच्या शेजारी जागा होती तिथे बसले. दुकानदार यायला अजून वीस मिनिटं लागली.